उसाच्या तुऱ्यात बी असतं का? झाडांच्या अंडपेशीविषयी सोप्या भाषेत

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: उसाला तुरे आले, शेतकरी चिंतेत. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, कुठल्याही रस्त्यानं जा, फडांवर रुपेरी तुरे डुलत असतात. वजन घटणार, दशी पडणार, तोड वेळेत मिळाली नाही तर नुकसान होणार, हे सगळं बातमीत येतं. एक साधा प्रश्न मात्र राहून जातो, आणि शाळकरी मुलं तोच आधी विचारतात. तुरा हा उसाचा फुलोरा आहे, तर त्याला बी लागतं का? लागत असेल तर आपण कांड्या का लावतो?

या प्रश्नाचं उत्तर तुऱ्यातल्या एका बारीकशा पेशीपर्यंत जाऊन पोचतं. शाळेत आपण फुलांचं शिकतो ते बहुतेक परागकणांचं: वारा त्यांना कसा नेतो, मधमाशी कशी नेते, फुलपाखरू कसं नेतं. पराग फुलावर पडला की धडा संपतो. माझ्या मते खरा विषय तिथून पुढे सुरू होतो. भात, ज्वारी, मका, नारळ, आपल्या ताटातलं बहुतेक सगळं त्या पुढच्या टप्प्यात तयार होतं आणि त्या टप्प्याचं केंद्र स्त्रीपेशी असते.

पराग पडला म्हणजे काम झालं नाही

आधी चार शब्द पक्के करून घेऊ. परागकण फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकावर येऊन पडतो, त्याला परागीभवन म्हणतात. त्यानंतर परागातली नरपेशी आत शिरून स्त्रीपेशीशी एकरूप होते, ते फलन. या स्त्रीपेशीचं नाव अंडपेशी. आणि फलनानंतर जी एक पेशी तयार होते, जिच्यापासून पुढचं अख्खं झाड वाढतं, ती युग्मनज. एवढे शब्द पुरेत.

परागीभवन आणि फलन यांची गल्लत फार होते. 'यंदा मधमाश्या भरपूर होत्या, तरी फळधारणा झाली नाही' असं बागायतदार म्हणतात तेव्हा पराग पोचलेले असतात, पण आतलं मीलन झालेलं नसतं. दोन्हींच्या मध्ये बरंच अंतर असतं, आणि ते पार करताना बऱ्याच गोष्टी बिघडू शकतात.

झाडात नर आणि मादी कुणाला म्हणायचं? झाडाला चेहरा नाही, त्यामुळे जीवशास्त्रात ही ओळख पेशीच्या आकारावरून ठरते. जी पेशी मोठी, अन्नसाठा बाळगणारी आणि सहसा जागची न हलणारी, ती स्त्रीपेशी. जी लहान, हलकी आणि संख्येनं पुष्कळ, ती नरपेशी. हा फरक मुळात आला कुठून, ते पाहायचं तर पाण्यात उतरावं लागतं.

शैवालात दोघं सारखेच होते

तळ्याकाठी, विहिरीच्या पायऱ्यांवर, शेततळ्यात वाढणारी हिरवी शैवालं ही जमिनीवरच्या झाडांची लांबची भावंडं. (उन्हाळ्यात तळ्यांवर येणारा दुर्गंधीचा हिरवा तवंग बऱ्याचदा नील-हरित जीवाणूंचा असतो. तो शैवाल म्हणून ओळखला जात असला तरी त्यात अंडपेशी नसते आणि फलनही नसतं. तो आपल्या विषयाबाहेरचा.)

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल. त्याच्या बहुतेक जातींत मीलन करणाऱ्या दोन पेशी दिसायला अगदी सारख्या असतात. दोघींना शेपटीसारखे दोन धागे असतात, दोघी पोहतात. त्यांच्यात दोन गट असतात, त्यांना 'अधिक' आणि 'उणे' म्हणतात, आणि एका गटाची पेशी दुसऱ्या गटाच्याच पेशीशी जुळते. इथं नर-मादी नाही. गुळगुळीत हिरव्या केसांसारखं दिसणारं स्पायरोगायरा थोडं पुढे जातं. दोन तंतू शेजारी-शेजारी येतात, मध्ये नळ्या तयार होतात आणि एका तंतूतला ऐवज सरकत दुसऱ्यात जातो. आकार सारखाच, पण एक जातो आणि दुसरा जागी थांबतो. व्होल्वॉक्समध्ये तर फरक पुरता स्पष्ट होतो: मोठी, न हलणारी अंडपेशी आणि बारीक, पोहणाऱ्या नरपेशींचे पुंजके.

एक मोठी आणि एक लहान, असं का झालं असावं? जोतिबाच्या चैत्र यात्रेला वेगवेगळ्या गावांहून पायी निघालेल्या दोघांचा विचार करा. वाटेत कुठंतरी गाठ पडायची आहे आणि पुढच्या मुक्कामासाठी जेवणही हवं आहे. दोघांनी निम्मी निम्मी शिदोरी पाठीवर घेतली तर दोघंही रेंगाळतील, चुकामूक होईल. त्याऐवजी एकानं सगळी शिदोरी घेऊन एका जागी बसायचं आणि दुसऱ्यानं मोकळ्या हातानं शोधत यायचं ठरवलं, तर गाठही पडते आणि जेवणही पुरतं. मध्यम आकाराच्या दोन पेशींपेक्षा ही वाटणी जास्त यशस्वी ठरते, असं उत्क्रांतीचा अभ्यास करणारे मानतात. शिदोरीवाली ती अंडपेशी. म्हणून ती मोठी, म्हणून ती संख्येनं कमी, आणि म्हणूनच तिला जपलं जातं.

हे फलन माणसानं डोळ्यांनी पाहिलं तेही शैवालातच. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव थुरे यांनी थंड समुद्रातल्या फ्यूकस या तपकिरी शैवालाच्या अंडपेशी वेगळ्या ठेवल्या. त्या तशाच राहिल्या. नरपेशी मिसळल्यावर मात्र त्या वाढू लागल्या. त्याच दशकात जर्मनीत नथानाएल प्रिंग्सहाइम यांनी गोड्या पाण्यातल्या शैवालांत नरपेशी अंडपेशीत शिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रयोग साधा होता, पण त्यानंतर 'नरपेशीचा नुसता प्रभाव पडतो, ती प्रत्यक्ष मिसळत नाही' हा समज टिकला नाही.

अंडपेशी थांबते म्हणजे ती काहीच करत नाही, असा अर्थ काढू नये. तपकिरी शैवालांच्या अनेक जातींत स्त्रीपेशी पाण्यात एक वासाचं रसायन सोडते आणि नरपेशी त्या रसायनाच्या दिशेनं पोहत येतात. बोलावणं तिच्याकडून येतं.

लाल शैवालांची तऱ्हा आणखी वेगळी. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ती दिसतात. त्यांच्या नरपेशींना पोहताच येत नाही. त्या पाण्याबरोबर वाहत येतात आणि स्त्रीपेशीच्या अंगातून बाहेर आलेल्या एका लांब केसाला चिकटतात. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ग्रॅसिलारिया या लाल शैवालावर फिरणारे बारीक कवचधारी जीव अंगाला लागलेल्या नरपेशी घेऊन स्त्रीझाडापर्यंत जातात आणि त्यामुळे फलन वाढतं. मधमाशी फुलांवर जे काम करते, ते समुद्रात फुलाशिवायही चालतं, हे त्या प्रयोगातून पुढे आलं.

पन्हाळ्याच्या तटावर पाण्याचा एक थर लागतो

जूनमध्ये पन्हाळ्याच्या तटबंदीवर, वाड्यांच्या जुन्या भिंतींवर मखमली हिरवा थर चढतो, तो मॉसचा. दाजीपूर-राधानगरीच्या ओल्या जंगलात नेचे माजतात. या दोघांनी पाणी सोडून जमीन धरली, पण एक बाब त्यांना सोडता आली नाही. त्यांच्या नरपेशी अजूनही पोहतात.

मॉस आणि नेच्यांची अंडपेशी सुरईच्या आकाराच्या एका बारीक अवयवाच्या तळाशी बसलेली असते. वेळ झाली की त्याच्या गळ्यातल्या पेशी विरघळतात, वाट मोकळी होते आणि तोंडाशी रसायन पाझरतं. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिलं की नेच्याच्या नरपेशी मॅलिक आम्लाकडे खेचल्या जातात. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं हेच ते आम्ल. पण तोंडापर्यंत पोहत यायला पाण्याचा निदान एक पातळ थर तरी हवाच. पाऊस नाही तर फलन नाही. ही झाडं पावसाळ्यात जोमात दिसतात त्यामागे ओलाव्याची ही गरजही आहे.

बंगल्यांच्या आवारात शोभेसाठी लावलेलं सायकस पुष्कळांनी पाहिलं असेल. ते या दोन जगांच्या मधलं. त्याचे पराग वाऱ्यानं किंवा कीटकांनी येतात, पण बीजांडात, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं त्या भागात, पोचल्यावर परागातून चक्क पोहणारी नरपेशी बाहेर पडते आणि शेवटचा प्रवास थेंबभर द्रवातून पोहून करते. १८९६ मध्ये जपानमध्ये हिरासे यांना गिंको वृक्षात आणि इकेनो यांना सायकसमध्ये या नरपेशी सापडल्या. सायकसच्या गोतावळ्यातल्या अंडपेशी तर नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या मोठ्या असतात.

मक्याच्या कणसाचे केस

फुलझाडांनी पोहणं पूर्ण सोडलं. पराग फुलाच्या टोकावर रुजतो, त्यातून एक बारीक नळी निघते आणि ती स्त्रीभागाच्या आतून वाढत वाढत अंडपेशीपर्यंत जाते. नरपेशी या परागनलिकेतून वाहून नेल्या जातात. इटलीतले अमिची यांनी ही नळी प्रथम पाहिली आणि १८२४ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रंकाळ्याच्या चौपाटीवर मिळतं. भाजायला कणीस सोलताना जे रेशमी केस काढून टाकले जातात, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा असतो. केस म्हणजे त्या दाण्याच्या फुलाचा लांबलेला स्त्रीभाग. त्याच्या टोकावर पराग पडायला हवा, नळी रुजायला हवी, आणि ती केसाच्या आतून तळापर्यंत पोचायला हवी. केस कधी कधी वीतभरापेक्षाही लांब असतो, पण नळीला हा प्रवास करायला साधारण एक दिवस लागतो. एका कणसावर काहीशे दाणे असतील तर ते काहीशे स्वतंत्र फलनांचे दाणे असतात. एका कणसातल्या दोन शेजारच्या दाण्यांचे बाप दोन वेगवेगळी झाडं असू शकतात.

कणसाचं टोक पोचट का राहतं, याचं एक कारणही इथंच मिळतं. बुडाकडचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे शेवटी. तोवर वरच्या तुऱ्यातले पराग संपलेले असतात किंवा उन्हानं केस सुकलेले असतात. शेतात तपासायचं असेल तर कोवळं कणीस अलगद सोलून उलटं धरून हलवा. फलन झालेल्या दाण्याचा केस आपोआप सुटून पडतो, न झालेल्याचा चिकटून राहतो.

आता नळी पोचते ती कुठे? भावी दाण्याच्या आत बीजांड असतं. त्यातली एक पेशी विभागून चार पेशी होतात, प्रत्येकीत आईच्या गुणसूत्रांचा, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांचा, निम्माच संच. बहुतेक फुलझाडांत या चारांपैकी तिघी मरतात. उरलेली एक वाढते, तिच्या आत केंद्रकं दुपटीनं वाढत आठ होतात आणि शेवटी सात पेशींची एक सूक्ष्म पिशवी तयार होते. तळाशी अंडपेशी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन मदतनीस पेशी, मध्यभागी दोन केंद्रकं असलेली मोठी मधली पेशी आणि पलीकडच्या टोकाला आणखी तिघी.

त्या दोन मदतनीस पेशींचं काम बराच काळ नीट कळलं नव्हतं. २००१ मध्ये जपानच्या हिगाशियामा यांच्या गटानं टोरेनिया या बागेतल्या फुलझाडावर प्रयोग केला. त्यांनी लेझरनं पिशवीतली एकेक पेशी नष्ट करून पाहिली. मदतनीस पेशी गेल्या की परागनलिका भरकटायची. म्हणजे नळीला शेवटच्या टप्प्यात वाट दाखवणारा संकेत त्यांच्याकडून येतो. २००९ मध्ये त्यांनी तो संकेत देणारी प्रथिनंही ओळखली. नळी आली की ती एका मदतनीस पेशीत शिरून फुटते, ती पेशी मरते आणि नळीतून दोन नरपेशी बाहेर पडतात.

दोन का? फुलझाडांचं हे वैशिष्ट्य १८९८ मध्ये कीव्हमध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत शोधलं. एक नरपेशी अंडपेशीशी मिसळते, त्यातून रोप होणारा अंकुर तयार होतो. दुसरी नरपेशी मधल्या मोठ्या पेशीशी मिसळते, आणि त्यातून अंकुराचं अन्न तयार होतं. याला द्विफलन म्हणतात.

या दुसऱ्या मीलनाकडे लक्ष द्या. तांदळाचा पांढरा दाणा, ज्वारीचं पीठ, गव्हाचा रवा, मक्याचा पिठूळ भाग हे सगळं त्या दुसऱ्या मीलनातून आलेलं आहे. अंबाबाईच्या देवळाबाहेर घेतलेल्या नारळातलं पाणी आणि खोबरं हेही तेच: शहाळ्याच्या पाण्यात ही केंद्रकं मोकळी तरंगत असतात, पुढे त्यांच्याभोवती पेशी बांधल्या जाऊन खोबरं होतं. अंडपेशीचं फलन चुकलं तर रोप होणार नाही, मधल्या पेशीचं चुकलं तर दाणाच भरणार नाही.

याचा पुरावा शेतात दिसतो. गोड मक्याच्या शेजारी साधा मका एकाच वेळी फुलोऱ्यात आला, तर गोड मक्याच्या कणसात मधेमधे पिठूळ दाणे येतात. झाड तेच, आई तीच, पण परागाचा परिणाम त्याच हंगामाच्या दाण्यावर झाला. दुसऱ्या नरपेशीनं दाण्याचं अन्न घडवण्यात भाग घेतला नसता तर हे झालंच नसतं.

भातातही हेच आहे. भाताचं फूल सकाळी थोड्याच वेळासाठी उघडतं. त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर पराग नीट सुटत नाहीत, रुजत नाहीत आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. खत, पाणी सगळं नीट देऊनही त्या तासाभरात हुकलेलं फलन नंतर भरून काढता येत नाही. वाढत्या उष्णतेविषयी बोलताना पाण्याच्या टंचाईइतकंच हेही बोललं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या क्षेत्रात भारताचं नाव मोठं आहे, आणि ते आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. दिल्ली विद्यापीठातले पंचानन माहेश्वरी (१९०४–१९६६) हे झाडांच्या गर्भविज्ञानातले जगन्मान्य नाव. त्यांच्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये अफूच्या झाडाची बीजांडं परीक्षानळीत ठेवून, त्यांवर पराग घालून, फुलाबाहेर फलन घडवलं गेलं आणि त्यातून बी तयार झालं.

आईकडून किती येतं?

'आई-बाप दोघांकडून निम्मं निम्मं' हे गुणसूत्रांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं. पण अंडपेशी गुणसूत्रांखेरीज अन्न, पेशीद्रव्य आणि त्यातले सूक्ष्म घटकही देते. अंगणातली गुलबक्षी घ्या. काही गुलबक्षींना हिरव्या, पांढऱ्या आणि चट्टेरी अशा तिन्ही तऱ्हेच्या फांद्या येतात. १९०९ मध्ये जर्मनीच्या कार्ल कोरेन्स यांनी दाखवलं की पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला हिरव्या फांदीचा पराग दिला तरी रोपं पांढरीच उगवतात आणि अन्न तयार करता न आल्यामुळे मरतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पांढऱ्याचा पराग दिला तर रोपं हिरवी. पानाला हिरवेपणा देणारे घटक इथं फक्त अंडपेशीतून येतात.

हायब्रीड बियाण्याचा मोठा धंदा याच तत्त्वावर उभा आहे. आईच्या पेशीद्रव्यात असा दोष असलेला वाण निवडतात की त्याचे पराग निकामी असतात. मग त्याला बाहेरच्याच परागानं फलन होतं आणि हमखास संकरित बी मिळतं. १९६४ मध्ये आलेली भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, अशाच आईवर तयार झाली.

मग उसाला बी लागतं की नाही?

लागतं. तुऱ्यात हजारो बारीक फुलं असतात, प्रत्येकात एक अंडपेशी. फलन झालं तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, केसाळ वेष्टनातलं बी तयार होतं. एकेकाळी उसाला बीच येत नाही असा समज होता. १८८०च्या दशकात जावा आणि बार्बाडोस इथं उसाची बियांपासून रोपं मिळाली आणि तो समज मोडला.

आपल्या फडात ते बी सहसा दिसत नाही, कारण थंडीच्या रात्री उसाचे पराग बऱ्याच अंशी निकामी होतात आणि अनेक वाणांत ते मुळातच कमी सशक्त असतात. बी झालंच तरी ते लवकर मरतं. आणि उगवलं तरी शेतकऱ्याच्या उपयोगाचं नसतं: उसात शंभराच्या वर गुणसूत्रं असतात, ती प्रत्येक अंडपेशीत वेगळ्या तऱ्हेनं वाटली जातात, त्यामुळे एका तुऱ्याच्या दोन बियांपासून आलेले ऊस एकसारखे निघत नाहीत. कांडी लावली की मात्र जसा ऊस होता तसाच पुढे येतो. आपल्याकडच्या को ८६०३२ या वाणाचा प्लॉट ८६०३२च राहतो तो यामुळे.

ऊस-संशोधकांना मात्र हेच वेगळेपण हवं असतं. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ मध्ये सुरू झाली, आणि आपल्या जवळ आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं पैदास केंद्र आहे. तिथं दोन वाणांचे तुरे एकत्र आणून फलन घडवतात, हजारो रोपं वाढवतात आणि त्यातून वर्षानुवर्षं निवड करत एखादा वाण हाती लागतो. ८६०३२ हा वाणही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या अशाच संकरातून आला.

कोइमतूरच्या सुरुवातीच्या संकरात उसाच्या अंडपेशीनं एक नवल केलं होतं. जाड, रसाळ उसाला ८० गुणसूत्रं. त्याचा नदीकाठी वाढणाऱ्या रानटी ऊसवर्गीय गवताशी संकर केला. या गवताला ६४. हिशेबानं लेकराला ४० आणि ३२ मिळून ७२ यायला हवीत. पण १९१८ मध्ये लागवडीसाठी आलेल्या को २०५ या वाणात ती ११२ आहेत. म्हणजे आईच्या अंडपेशीनं निम्मा हिस्सा न देता सगळी ८० गुणसूत्रं देऊन टाकली. जाड ऊस आई आणि रानटी गवत बाप असलं की हे घडतं. म्हणून लेकरात गोडी आईकडची टिकली आणि काटकपणा बापाकडचा आला. आज आपण लावतो त्या बहुतेक वाणांच्या पूर्वजांत असा संकर आहे.

तुऱ्यातलं बी साखर खातं का, हाही प्रश्न बऱ्याचदा येतो. नाही, एवढंसं बी किती खाणार? उसाच्या शेंड्याचं रूपांतरच तुऱ्यात होतं, म्हणून नवीन पानं आणि कांड्या येणं थांबतं, नुकसान तिथून सुरू होतं. पुढे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, निघतात, ऊस पोकळ होऊन दशी पडते. तुरा आल्याबरोबर साखरेचा उतारा घटत नाही, पण साधारण दीड-दोन महिन्यांत तोड झालेली बरी. आणि तुरा येण्याचा निर्णय ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, दिवस लहान होऊ लागताना, झालेला असतो. डिसेंबरात फवारणी करून तो परत घेता येत नाही.

बुरशीत नर-मादी शोधायला गेलं तर

बुरशी ही वनस्पती नव्हे. तिचा संसार वेगळा. उसावरची काणी सगळ्यांना माहीत आहे: शेंड्यातून निघणारा काळा चाबूक, त्यातून उडणारी काजळी. ती काजळी म्हणजे बीजाणू. बीजाणू रुजला की त्यातून दोन विरुद्ध गटांच्या पेशी निघतात, दिसायला सारख्याच. एकट्या गटाची पेशी उसाला रोग लावू शकत नाही. दोन विरुद्ध गटांच्या पेशी जुळल्या तरच उसात शिरणारा तंतू तयार होतो. म्हणजे इथं मीलन ही रोगाची पहिली पायरी आहे, आणि अंडपेशी कुठेच नाही. चाबूक फुटायच्या आत तो पोत्यात घालून कापायचा आणि बेट मुळासकट काढून नष्ट करायचं, हा सल्ला म्हणूनच मोलाचा: एका चाबकात कोट्यवधी बीजाणू असतात.

काही बुरशींत मात्र स्त्रीभाग असतो. न्यूरोस्पोरा ही पावावर येणारी नारिंगी बुरशी. तिचा स्त्री-अवयव एक केस बाहेर काढतो आणि तो केस विरुद्ध गटाच्या पेशीच्या दिशेनं वाढत जातो. त्याच बुरशीचा एकच गोळा आईही होऊ शकतो आणि बापही. तो कुणाशी जुळणार हे गटावरून ठरतं. पावसाळ्यात वाळक्या फांद्यांवर उगवणाऱ्या शिझोफिलम या छोट्या, मागून लोकरी छत्रीत तर असे वीस हजारांहून जास्त गट आहेत, म्हणजे जंगलात भेटेल तो जवळजवळ प्रत्येक जण जुळू शकतो.

द्राक्षावरच्या केवडा या रोगाला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्रीय दृष्ट्या तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. त्यात चांगली गोल अंडपेशी असते आणि फलनानंतर जाड कवचाचा बीजाणू बनून तो पडलेल्या पानांत टिकून राहतो. बागेतली रोगट पानं गोळा करून नष्ट करा असं सांगतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

'बी नाही म्हणजे फलन झालं नाही?'

दर वेळी नाही. केळ्यात खरंच फलनाशिवाय फळ वाढतं. पण तासगावच्या बिनबियांच्या थॉम्प्सन द्राक्षांत फलन होतं, बी धरायला सुरुवातही होते, मग ते मध्येच थांबतं. मणी नीट पाहिला तर त्याची बारीक खूण सापडते.

उलटही घडतं: बी असतं, पण रोप फलनातून आलेलं नसतं. लिंबूवर्गीय फळांच्या एका बीतून कधी दोन-तीन रोपं उगवतात. त्यातलं एखादं फलनाचं असतं, बाकीची अंडपेशीला वगळून आईच्याच पेशींपासून झालेली, हुबेहूब आईसारखी. जांभळातही असं आढळतं.

यावरूनच पुढचं मोठं संशोधन सुरू आहे. हायब्रीड भाताचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं, कारण हायब्रीड झाडाच्या अंडपेशी तयार होताना गुण फेरवाटले जातात आणि पुढच्या पिढीत पीक विस्कटतं. ही फेरवाटणी थांबवली आणि अंडपेशीला नरपेशीशिवाय वाढू दिलं, तर हायब्रीडचं बी हायब्रीडच राहील. अमेरिकेतल्या व्यंकटेशन सुंदरेसन यांच्या गटाला आढळलं की अंडपेशीला वाढ सुरू करण्याचा इशारा देणारं एक जनुक नरपेशीच्या बाजूनं कामाला लागतं. त्यांनी तेच जनुक भाताच्या अंडपेशीत चालू केलं, सोबत गुणांची फेरवाटणी बंद केली, आणि फलनाशिवाय आईसारखंच रोप देणारं बी मिळवलं. हे काम २०१९ मध्ये नेचर नियतकालिकात आलं. पहिल्या प्रयत्नात थोड्याच बिया अशा निघाल्या. २०२२ मध्ये हायब्रीड भातावर केलेल्या पुढच्या कामात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. त्यातही दाण्याचं अन्न तयार व्हायला मधल्या पेशीचं फलन अजून लागतंच. अंडपेशीला नरपेशीची गरज उरली नाही, पण ताटातल्या भाताला ती अजून आहे.